गॉडझिलाला पाहून हसू का येते?

पावसाळ्यातल्या एका शनिवारची गोष्ट. कोल्हापुरात सकाळपासून झड लागली होती. मैदानावर तळे साचलेले, त्यामुळे खेळाचा तास वर्गातच काढायचा होता. नववीच्या मुलांनी "सर, पिक्चर लावा" असा घोष धरला. मी संगणकात शोधून १९५४ सालचा एक जपानी चित्रपट लावला. त्याचे जपानी नाव ‘गोजिरा’; बाहेरच्या जगात तो ‘गॉडझिला’ म्हणून ओळखला जातो. समुद्राच्या तळाशी असलेला प्रचंड प्राणी हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांमुळे बाहेर येतो आणि टोकियो शहर तुडवतो, अशी त्याची कथा.

मुले घाबरतील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात राक्षसाने पहिली इमारत पाडली आणि वर्गात हशा पिकला. "सर, हे पुठ्ठ्याचं हाय की ओ!" मागच्या बाकावरून आवाज आला. आगगाडी उलटली तेव्हा कोणीतरी "चावी संपली, चावी संपली" असे ओरडले. मीही हसलो. खोटे कशाला बोला?

हसे ओसरल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "पण सर, आत्ताच्या सिनेमातले राक्षस पण खोटेच असतात. मग त्यांना का हसू येत नाही? आणि हे पुठ्ठ्याचं आहे हे आम्हाला इतक्या लांबून कळलं कसं?"

विद्यार्थी मित्रहो, प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर द्यायला मला पुढचे तीन तास लागले. एवढेच नव्हे, तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणे उघडावी लागली.

प्रथम त्या पडणाऱ्या इमारतीकडे पाहू. २० मीटर उंचीवरून एखादा दगड सोडला तर तो जमिनीवर यायला सुमारे २ सेकंद लागतात. गॉडझिलाच्या चित्रपटासाठी टोकियोच्या प्रतिकृती १:२५ या प्रमाणात बांधल्या होत्या. म्हणजे २० मीटरची इमारत तिथे ८० सेंटिमीटरची, आपल्या वर्गातल्या टेबलाएवढी. टेबलावरून खडू पडायला किती वेळ लागतो? सुमारे ०.४ सेकंद. उंची २५ पटींनी कमी झाली, पण वेळ पाचपटच कमी झाला; कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. कारागिराने खिडक्या, गच्च्या, विजेचे खांब सगळे २५ पट लहान केले. गुरुत्वाकर्षण मात्र त्याला लहान करता आले नाही. ते जपानच्या त्या चित्रशाळेतही तेवढेच होते जेवढे खऱ्या टोकियोत होते.

आता पडद्यावर इमारत कोसळते. ती कोसळायला ०.४ सेकंद लागले, तर डोळ्याला ती ८० सेंटिमीटरचीच दिसणार. मग तिच्यावर कितीही बारीक खिडक्या कोरलेल्या असोत. घड्याळ न पाहता, आकडेमोड न करता आपल्याला हे कळते. पडणारी वस्तू स्वतःची उंची स्वतःच सांगते म्हणा ना.

ही आकडेमोड मेंदू खरेच करतो का? याचा एक सुंदर पुरावा आहे. एप्रिल १९९८ मध्ये कोलंबिया या अमेरिकन अवकाशयानातून न्यूरोलॅब नावाची मोहीम गेली होती. तीत अंतराळवीरांना वरून सोडलेला चेंडू झेलायला सांगितले. यानात वजनरहित अवस्था असल्यामुळे चेंडू एकाच वेगाने येत असे, त्याचा वेग वाढत नसे. पण अंतराळवीरांचे हात दरवेळी जरा लवकरच सरसावत. चेंडूचा वेग वाढत जाणार, हे त्यांच्या मेंदूने गृहीतच धरले होते! डोळ्यांसमोर चेंडू एकसारख्या वेगाने येत असूनही जन्मभर पृथ्वीवर घेतलेला धडा सुटत नव्हता. तेव्हा मुक्त पतनाचे नियम तुम्ही शाळेत शिकता हे खरे, पण तुमचा मेंदू ते पाळण्यात असल्यापासून गिरवतो आहे. पडद्यावर ते मोडले की तो तक्रार करतो. आणि समोर धोका काहीच नसल्यामुळे ती तक्रार हसण्याच्या रूपाने बाहेर पडते.

चित्रपट करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे समजू नका. गॉडझिलाच्या युक्तिदृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया हे या विद्येतले मोठे जाणकार होते. उपाय त्यांना ठाऊक होता. चित्रपट दाखवताना सेकंदाला २४ चौकटी सरकतात. पण चित्रण करताना कॅमेरा सेकंदाला १२० चौकटींच्या वेगाने चालवला, तर ०.४ सेकंदात ४८ चौकटी निघतात, आणि त्या दाखवायला बरोबर २ सेकंद लागतात. टेबलावरचा खडू २० मीटरच्या मनोऱ्यावरून पडल्यासारखा दिसतो. २५ चे वर्गमूळ ५, म्हणून कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा. हिशेब किती स्वच्छ आहे पाहा!

पण हिशेब स्वच्छ असला तरी खर्चिक आहे. कॅमेरा पाचपट वेगाने चालला की प्रत्येक चौकटीला प्रकाश एकपंचमांश वेळच मिळतो. म्हणून दिवे पाचपट प्रखर हवेत. त्यातच आणखी एक अडचण असते. लहान वस्तू जवळून टिपली की तिच्या पुढचा-मागचा भाग पुसट येतो, आणि ही पुसटताही डोळ्याला ‘हे लहान आहे’ असे सांगते. (पन्हाळ्यावरून खालच्या गावाचा फोटो काढा आणि मोबाइलवर त्याचा वरचा व खालचा भाग धूसर करा. खरी घरे खेळण्यातली वाटू लागतील!) ही पुसटता घालवायची तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, म्हणजे पुन्हा प्रकाश कमी, पुन्हा दिवे जास्त.

आणि त्या दिव्यांखाली असायचा एक जिवंत माणूस. त्याचे नाव हारुओ नाकाजिमा. त्सुबुराया यांना खरे तर ‘किंग काँग’प्रमाणे बाहुली इंचाइंचाने हलवून एकेक चौकट टिपायची होती, पण तसे करायला सात वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज होता. चित्रशाळेकडे तर काही महिनेच होते. म्हणून माणसाला राक्षसाचा पोशाख चढवला. पहिला पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा झाला आणि तो घालून नाकाजिमांना चार पावले टाकणेही कठीण होऊन बसले. तुमच्यापैकी कोणी तालमीत जात असेल त्याने एवढे वजन खांद्यावर घेऊन, कातडीबंद पिशवीत शिरून, प्रखर दिव्यांखाली चालण्याची कल्पना करावी. हे गृहस्थ प्रचंड प्राण्याची चाल कशी असते ते समजावे म्हणून टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले पाहत उभे राहत.

चालीचेही गणित आहे बरे का. पाय हा एक प्रकारचा लंबकच असतो. १ मीटर लांबीचा लंबक एक आंदोलन सुमारे २ सेकंदांत पुरे करतो, २५ मीटर लांबीचा सुमारे १० सेकंदांत. पुन्हा तोच पाचाचा आकडा! म्हणून मोठा प्राणी संथ चालतो आणि मुंगी लगबगीने. वर्गातल्या एका मुलाने "गॉडझिला बाजारातनं पिशव्या घेऊन आल्यासारखा चालतोय" असे म्हटले, त्यात नाकाजिमांचा दोष फारसा नव्हता. अंगावर खरोखरच पिशव्या होत्या, आणि कॅमेरा मात्र काही ठिकाणी हवा तेवढा वेगाने चाललेला नव्हता.

आता पाण्याकडे वळू. पडणारी इमारत, चालणारा पाय यांना कॅमेऱ्याच्या वेगाने फसवता येते. पाणी मात्र फसत नाही. आणि पाणी खोटे आहे हे ओळखण्यात आपल्या कोल्हापूरच्या मुलांचा हात कोण धरील?

गॉडझिलाच्या मालिकेतले एक समुद्राचे दृश्य चालू असताना एक मुलगा अजिबात हसला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी ४३ फूट आहे), शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, हे तुम्हांला घरच्यांनी सांगितले असेल. त्या मुलाचे घर तेव्हा पाण्यात होते. तो म्हणाला, "सर, पूर असा उड्या मारत येत न्हाई. गप येतोय."

या एका वाक्यात द्रवगतिशास्त्राचा एक धडा आहे. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ५ मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे ७ मीटर सरकते. १:२५ प्रमाणाच्या टाकीत पाणी २० सेंटिमीटर खोल असेल, तर तिथे ती सेकंदाला १.४ मीटर सरकते. पण त्या टाकीतले १.४ मीटर म्हणजे चित्रातले ३५ मीटर! कॅमेरा नेहमीच्या वेगाने चालवला तर प्रेक्षकाला ती लाट ताशी १२६ किलोमीटर वेगाने धावताना दिसेल. टाकीतले पाणी म्हणूनच ‘उड्या मारते’.

कॅमेरा पाचपट वेगाने चालवून लाट आटोक्यात येईल, पण थेंबाचे काय? पाण्याचा थेंब किती मोठा व्हावा हे पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण यांच्या रस्सीखेचीत ठरते. पडणारा थेंब काही मिलिमीटरांपेक्षा मोठा झाला की फुटतो. हा आकार टाकीत तेवढाच आणि अरबी समुद्रातही तेवढाच. टाकीत उडालेला ४ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर २५ पट, म्हणजे १० सेंटिमीटरचा दिसतो. कवठाएवढ्या थेंबांचा समुद्र! मुले हसली ती याच जागी, मात्र आपण थेंबाला हसतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते.

यावर उपाय म्हणून आम्ही नंतर घमेल्यात रिठ्याचे पाणी करून पाहिले, कारण रिठ्याने व साबणाने पृष्ठताण कमी होतो. कमी होतो, पण किती? साबणाने फार तर निम्म्याच्या खाली. थेंब २५ पटींनी लहान व्हायचा तर पृष्ठताण ६२५ पटींनी कमी व्हायला हवा. तसा द्रव मिळणे शक्य नाही. शिवाय रिठ्याला फेस आला आणि आमचा पूर परातीत भिजवलेल्या कपड्यांसारखा दिसू लागला. असो.

खेळण्यातल्या पुराला मुळीच न हसणारी माणसेही असतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात १९१६ सालची. तिथे नद्या, धरणे, बंदरे यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडतात आणि खऱ्या धरणाच्या सांडव्यावरून पाणी कसे जाईल, बंदरात लाटा कशा शिरतील याचा अंदाज घेतात. त्यांचा नियम त्सुबुराया यांचाच आहे: लांबी २५ पट लहान, तर वेळ ५ पट लहान. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून हा नियम वापरात रुळवला, म्हणून त्याच्याशी फ्रूडचे नाव जोडले गेले. आणि अडचणही तीच: प्रतिकृतीत पाण्याचा थर फार पातळ झाला की पृष्ठताण लुडबुड करू लागतो, म्हणून अभियंते प्रतिकृती फार लहान करीत नाहीत. ज्या चुकीला आपण चित्रपटगृहात हसतो, ती चूक प्रयोगशाळेत राहून गेली तर धरणाच्या आकड्यांत उतरेल.

राक्षसाच्या वजनाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. १९५४ चा गॉडझिला ५० मीटर उंच कल्पिला आहे, म्हणजे पोशाखातल्या सुमारे २ मीटर उंच माणसाच्या २५ पट. माणसाचे ७० आणि पोशाखाचे १०० असे १७० किलो धरा. उंची २५ पट झाली की घनफळ २५ × २५ × २५, म्हणजे १५,६२५ पट होते. वजन भरेल सुमारे २,६५६ टन. निर्मात्यांनी जाहीर केलेले वजन मात्र २०,००० टन! एवढे जड मांस कशाचे असावे ते त्यांनाच ठाऊक. हाडांचा छेद वाढतो तो फक्त ६२५ पट, म्हणून हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २५ पट ओझे येईल आणि बिचारा समुद्रातून बाहेर पडताच मोडून बसेल. मोठ्या प्राण्याला बेताबाहेर जाड हाडे लागतात हे गॅलिलिओने १६३८ साली लिहून ठेवले आहे. मात्र गंमत पाहा, या चुकीला वर्गात कोणीच हसले नाही. पडण्याचा वेळ मेंदूला उपजत कळावा तसा कळतो. ५० मीटरचा प्राणी त्याने कधी पाहिलेलाच नसतो. जे पाहिले आहे त्याच्याच चुकीला आपण हसतो.

मग सुरुवातीच्या प्रेक्षकांना हसू का आले नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळवायला कोल्हापूरच्या बाहेर जावे लागत नाही. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे इथेच आपला कॅमेरा आपणच बनवण्याच्या खटपटीला लागले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामले यांच्या साह्याने तो कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यात भीम कीचकाचा वध करतो ते दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षकांत घबराट उडाली आणि पुढे तो भाग वगळावा लागला. आज तो चित्रपट उपलब्ध असता तर नववीचा वर्ग कदाचित हसला असता. पण त्या प्रेक्षकांनी पडद्यावर असे काही पूर्वी पाहिलेच नव्हते. युक्ती ओळखायलाही सराव लागतो. प्रत्येक पिढी थोडा जास्त सराव घेऊन चित्रपटगृहात शिरते, आणि कालची युक्ती आजचा विनोद होते.

याच कंपनीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते. प्रभात १९२९ साली कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. या दोघांच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालवण्याचा प्रसंग आहे. तोही मी त्याच दिवशी मुलांना दाखवला. मुले पुन्हा हसणार म्हणून मी तयारीत होतो, पण वर्ग जवळजवळ शांत राहिला. एक-दोघे खुसखुसले, इतकेच. कारण उघड आहे. त्या प्रसंगात काही कोसळत नाही, पाणी नाही, आग नाही. भिंत संथ चालते. चालणारी भिंत कोणीच पाहिलेली नसल्यामुळे ती किती वेगाने चालावी हे मेंदूला ठाऊक नसते आणि तो तक्रारही करीत नाही. चमत्कार निवडावा तर असा!

आता हसण्याचे दुसरे एक कारण, ज्याच्याशी गुरुत्वाकर्षणाचा संबंध नाही. जपानी चित्रपट अमेरिकेत गेले ते इंग्रजी आवाज चढवून. तोंड हलते आहे आणि आवाज थांबला आहे, किंवा तोंड मिटले आणि वाक्य चालूच. आवाज ओठांच्या मागे सुमारे अष्टमांश सेकंद पडला की आपल्याला खटकू लागते. ओठांच्या पुढे गेला तर मात्र याहून कितीतरी लवकर खटकते. असे का? पंचगंगेच्या घाटावर उभे राहून पलीकडच्या काठाला कोणी धुणे धूत असेल तर पाहा. कपडा आपटलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. ३४ मीटरला दशांश सेकंद. उशिरा येणाऱ्या आवाजाची निसर्गाने आपल्याला सवय लावली आहे, आधी येणाऱ्याची नाही. त्यातून जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते, इंग्रजीत मध्येच. त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला ओठांची हालचाल भरून काढायला काहीबाही शब्द कोंबावे लागत. हा विनोद मूळ चित्रपटात नव्हताच.

अशा चित्रपटांची थट्टा करणे हाच एक कार्यक्रम होऊ शकतो हे अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या काही विनोदी कलावंतांनी ओळखले. १९८८ साली त्यांनी ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला. एक माणूस आणि त्याचे दोन यंत्रमानव खुर्च्यांवर बसून जुना चित्रपट पाहतात आणि मोठ्याने शेरे मारतात. आपल्याला पडद्याच्या तळाशी त्यांच्या काळ्या आकृती दिसतात. जपानी महाकासव गॅमेरा याचे चित्रपट त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. आपल्याकडे पिटातला प्रेक्षक हे काम कोणतेही यंत्र न वापरता कित्येक वर्षे करीत आला आहे.

मी स्वतः काही सोवळा नाही. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ नावाची जपानी मालिका लागत असे. मनगटावरच्या यंत्रात बोलून एक लहान मुलगा प्रचंड यंत्रमानवाला हुकूम देतो, अशी ती गोष्ट. आमच्या गल्लीतली सगळी पोरे एकाच घरात जमायची. राक्षसांचे पोशाख पाहून आम्ही हसत असू, यंत्रमानव उडाला की दोन्ही हात वर करून त्याची नक्कल करीत असू. पण त्याला बांधलेल्या तारा आम्हांला कधी दिसल्या नाहीत, कारण आमच्या पडद्यावर मुंग्याच फार असत. आज तेच जुने चित्रपट स्वच्छ करून, कितीतरी अधिक बारकाव्याने दाखवतात, आणि करणाऱ्यांनी ज्या तारा दिसणार नाहीत असे धरले होते त्या लख्ख दिसतात. म्हणजे आपण पडदा बदलला आणि हसे त्यांचे झाले! शेवटच्या भागात तो यंत्रमानव मुलाचा हुकूम मोडून शत्रूला उचलून अवकाशात नेतो आणि त्याच्याबरोबर स्वतःही नष्ट होतो. त्या दिवशी कोणीही नक्कल केली नाही. सगळे आपापल्या घरी गेले.

पुढे गॉडझिलाचे चित्रपट स्वस्तात निघू लागले. १९६९ च्या एका चित्रपटात आधीच्या चित्रपटांतले तुकडे पुन्हा वापरले आहेत, १९७३ च्या एकात गॉडझिला शेपटीवर घसरत येऊन दोन्ही पायांनी लाथ मारतो. ते मुलांना हसवण्यासाठीच होते आणि तिथे हसणे हीच योग्य दाद. पहिल्या चित्रपटाचे तसे नाही, आणि हे मला त्या शनिवारी वर्गात सांगणे भाग पडले.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोट अपेक्षेच्या सुमारे अडीचपट मोठा झाला. मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर, तिचे नाव ‘भाग्यशाली ड्रॅगन क्रमांक ५’ असे होते, किरणोत्सारी राख पडली. बोटीवर २३ जण होते. सगळे आजारी पडले. बिनतारी संदेशाचे काम पाहणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. तो सुरू होतो एका बोटीवर: खलाशी निवांत बसलेले, समुद्रात एकाएकी डोळे दिपवणारा उजेड, आणि बोट पेट घेते. जपानी प्रेक्षकाला याचा अर्थ सांगावा लागला नसेल. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमाचे अवशेष पाहून आले होते.

अमेरिकेत १९५६ साली गेली ती दुसरीच आवृत्ती. तीत एक अमेरिकन वार्ताहर घुसवला, मूळ चित्रपटाला बरीच कात्री लावली, आणि अणुबाँबसंबंधीचे कितीतरी बोलणे गाळले. उरला तो इमारती पाडणारा प्राणी. जगभर अनेक वर्षे हसे झाले ते मुख्यतः या आवृत्तीचे.

हे सांगून मी चित्रपट पुढे सुरू केला. राक्षस समुद्रात परत गेल्यावरचे इस्पितळाचे दृश्य आले. जखमी माणसे जमिनीवर ओळीने पडली आहेत. एक शास्त्रज्ञ लहान मुलासमोर गायगर गणकयंत्र धरतो, आकडा पाहतो आणि मान हलवतो. तिथे प्रतिकृती नव्हती, पोशाख नव्हता, पाणी नव्हते. पाऊसही तेवढ्यात थांबला होता, त्यामुळे वर्ग किती शांत झाला आहे ते कळत होते.

त्यानंतरच्या शनिवारी मुलांनी स्वतःचा राक्षसपट काढायचे ठरवले. पुठ्ठ्याचा मनोरा ८० सेंटिमीटरचा, रस्त्यावर ४० सेंटिमीटरची बस (१:२५ प्रमाणात ही १० मीटरची होते, आपल्या केएमटीच्या बसएवढी). मोबाइलच्या मंदगती चित्रणात सेकंदाला १२० चौकटी निवडल्या. छिद्राचे आणि उजेडाचे गणित सांभाळायला हे सगळे भर दुपारी शाळेच्या गच्चीवर मांडले. तुम्हीही करून पाहा. एकदा साध्या वेगाने आणि एकदा १२० चौकटींनी, मनोरा तोच आणि धक्का तोच. पाण्याच्या नादी मात्र लागू नका.

पहिल्या वेळी मनोरा पुठ्ठ्यासारखा पडला. दुसऱ्या वेळी तो असा कलला, असा सावकाश वाकला, की पाहणारी पोरे "आई गं" म्हणाली. तेवढ्यात शाळेतली मांजर बसच्या मागून चालत आली आणि चित्रात सापडली. "गेलं सगळं," म्हणून कॅमेरा धरणारा मुलगा चिडला. पण संध्याकाळी तो तुकडा पडद्यावर लावला तेव्हा पाचपट मंद झालेली ती मांजर एकेक पंजा जड टाकीत, खांदे हलवीत, कोसळलेल्या मनोऱ्याजवळून चालली होती. कोणी हसले नाही. "सर," मागच्या बाकावरचा म्हणाला, "ही त्या नाकाजिमापेक्षा भारी चालतीया."